१७२ कवड्यांचा माणूस

लहानपणी पळवून विकला गेलेला ओलाउदा इक्वियानो पुढे स्वतःला विकत घेऊन मोकळा झाला आणि आपली कहाणी लिहून त्याने ब्रिटनला आरसा दाखवला. अटलांटिक गुलाम-व्यापाराची गोष्ट त्याच्या आयुष्यातून समजून घेऊ या. आणि हो, इंग्लंडला जायचा योग आला, तर त्याच्या खुणा कुठे सापडतात, तेही पाहू या.

'कवडीमोल' हा शब्द आपण किती सहज वापरतो! कांद्याला भाव मिळाला नाही की तो कवडीमोल विकला जातो. एखाद्याचा पार पाणउतारा करायचा असेल तर त्याला कवडीची किंमत नाही म्हणायचं. आज कवडी आपल्याला दिसते ती आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत, देवीच्या परडीवर किंवा सारीपाटाच्या डावात. पण एके काळी कवडी हे खरंखुरं चलन होतं. मालदीवच्या समुद्रातून काढलेल्या कवड्या बंगाल आणि श्रीलंकेच्या बंदरांत यायच्या. तिथून डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांच्या तळाशी पडून युरोपात जायच्या. युरोपातून त्या पुन्हा जहाजावर चढायच्या आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचायच्या. तिथे त्यांच्या बदल्यात माणसं मिळत.

नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्या, मोजून १७२. एवढ्यावर एक मुलगा एका व्यापाऱ्याच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात गेला. हा आकडा आज आपल्याला माहीत आहे, कारण त्या मुलाने तो आयुष्यभर लक्षात ठेवला आणि पुढे छापून ठेवला. त्याचं नाव ओलाउदा इक्वियानो.

अंगणातून समुद्राकडे

त्याने स्वतः लिहिल्याप्रमाणे त्याचा जन्म १७४५ च्या सुमाराचा, आजच्या नायजेरियातल्या इग्बो मुलखातला. गावाचं नाव तो इसाका असं सांगतो. वडील गावातले मानकरी, घर खाऊनपिऊन सुखी, आणि हा शेंडेफळ म्हणून आईचा लाडका. त्या घरातही गुलाम होते, हे तो लपवत नाही. मोठी माणसं शेतावर गेली की गावातली पोरं एकत्र जमून खेळायची आणि एक जण झाडावर चढून कुणी अनोळखी येतंय का ते बघायचा. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची भीती तेव्हा घरोघरी होती.

एके दिवशी घरात फक्त तो आणि त्याची बहीण होती. दोन पुरुष आणि एक बाई भिंतीवरून आत उतरले, दोघांची तोंडं दाबली आणि त्यांना रानात घेऊन गेले. तेव्हा तो ११ वर्षांचा होता. पुढे काही दिवसांतच बहीण-भावाची ताटातूट झाली. वाटेत एकदा अचानक पुन्हा भेट झाली, एक रात्र दोघं एकत्र राहिले आणि सकाळी तिला पुन्हा वेगळं नेलं. त्यानंतर ती त्याला कधीच दिसली नाही. आयुष्यात त्याने पुष्कळ सोसलं, पण या बहिणीबद्दल लिहिताना त्याची लेखणी जशी थरथरते, तशी क्वचितच दुसरीकडे थरथरते.

सहा-सात महिने हातोहात विकला जात तो किनाऱ्यावर पोहोचला. समुद्र आणि जहाज, दोन्ही त्याने पहिल्यांदाच पाहिलं. डेकवर उकळणारी तांब्याची मोठी कढई, शेजारी साखळदंडातली काळी माणसं आणि लांब केसांचे लालसर चेहऱ्याचे लोक. हे आपल्याला शिजवून खाणार, अशीच त्याची खात्री झाली.

जहाजाच्या पोटातलं वर्णन वाचताना आजही घुसमटायला होतं. माणसं इतकी खेटून कोंबलेली, की कूस बदलायला जागा नाही. घामाचा, घाणीचा, ओकारीचा वास. बायकांचा आक्रोश आणि मरणाऱ्यांचं कण्हणं. विष्ठेच्या टबांमध्ये लहान मुलं पडून गुदमरायची. त्याने जेवण नाकारलं, तर हातपाय बांधून फटके दिले. साखळीने एकत्र बांधलेल्या दोघांनी त्याच्या डोळ्यांदेखत जाळी ओलांडून समुद्रात उड्या टाकल्या. मागोमाग तिसऱ्यानेही टाकली. दोघं बुडाले. एकाला बाहेर काढलं आणि मरण पत्करल्याबद्दल बेदम चोपलं.

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत अशी सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यातली सुमारे १८ लाख वाटेतच गेली. आकडा मोठा आहे म्हणून तो डोक्यात शिरत नाही. टबात पडलेलं एक मूल मात्र डोक्यातून जात नाही. इक्वियानोने पुढे जे काम केलं, त्याचं मर्म इथेच आहे.

गस्टाव्हस नावाचं लोढणं

जहाज बार्बाडोसला लागलं. तिथे ढोल वाजला की गिऱ्हाइकं एकदम आवारात घुसायची आणि हाताला येईल तो घोळका आपलासा करायची. एकत्र आलेले भाऊभाऊ तिथे कायमचे वेगळे झाले. हा मुलगा किरकोळ अंगाचा, त्याला कुणी घेतलं नाही. उरलेल्या मालाबरोबर त्याला व्हर्जिनियाला पाठवलं. तिथल्या एका घरात त्याने पाहिलं, की स्वयंपाक करणाऱ्या काळ्या बाईच्या तोंडाला लोखंडी मुसकं घातलंय. मळणीच्या वेळी बैलाला घालतात तसं. तिने चाखून बघायलाही तोंड उघडू नये म्हणून.

व्हर्जिनियात मायकेल हेन्री पास्कल नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने त्याला विकत घेतलं. किंमत ३० ते ४० पौंड. आधी त्याला कुणी मायकेल म्हणे, कुणी जेकब. पास्कलने त्याला नवं नाव दिलं, गस्टाव्हस व्हासा. स्वीडनला डॅनिश सत्तेपासून सोडवणाऱ्या सोळाव्या शतकातल्या राजाचं हे नाव! गुलामाला मुक्तिदात्या राजाचं नाव ठेवायचं, ही तेव्हाची थट्टा. पोराने नाव नाकारलं. मग थोबाडीत बसल्या. तो 'हो' म्हणेपर्यंत बसत राहिल्या.

इंग्लंडला पोहोचल्यावर फाल्मथ बंदरात एका सकाळी डेकभर पांढरं काहीतरी पसरलेलं दिसलं. त्याला वाटलं, रात्री कुणीतरी मीठ सांडलं. तो बर्फ होता. पुस्तकांचंही असंच. मालक आणि जहाजावरचा मित्र रिचर्ड बेकर पुस्तकाकडे बघून काहीतरी बोलतात, म्हणजे पुस्तकही त्यांच्याशी बोलत असणार. मग हा एकटा असताना पुस्तकाला कान लावून बसायचा. ते काही त्याच्याशी बोलायचं नाही. रिचर्ड त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अमेरिकन आणि गोरा. पण दोघांची गट्टी अशी, की वादळात रात्रभर एकमेकांना धरून बसायचे. अक्षरं त्याने अशाच माणसांकडून, जहाजावर, मिळेल तेव्हा गिरवली.

ब्रिटन आणि फ्रान्सचं सात वर्षांचं युद्ध पेटलं होतं. पोरगा तोफखान्याला दारू पुरवत लढायांमधून गेला. १७५९ च्या फेब्रुवारीत लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. आता आपण यांच्यातलेच झालो, युद्ध संपलं की मोकळे होऊ, असं त्याला वाटायला लागलं. १७६२ च्या डिसेंबरमध्ये जहाज थेम्स नदीत आलं. त्याच दिवशी पास्कलने त्याला होडीत ढकललं आणि वेस्ट इंडीजला निघालेल्या एका जहाजाच्या कप्तानाला विकून टाकलं. युद्धातल्या लुटीचा वाटा खलाशांना मिळायचा, तोही त्याला दिला नाही. माझा बाप्तिस्मा झालाय, कायद्याने मला विकता येत नाही, असं तो नव्या मालकाला सांगायला गेला. हा फारच इंग्रजी बोलतो, एवढंच उत्तर त्याला मिळालं.

काचेचा एक पेला

कॅरिबियन समुद्रातलं माँटसेराट नावाचं बेट. तिथे रॉबर्ट किंग या व्यापाऱ्याने त्याला घेतलं. किंग क्वेकर पंथाचा, त्यातल्या त्यात बरा मालक. पोराला लिहिता-वाचता येतं, हिशेब जमतो, जहाज कळतं, हे पाहून त्याने त्याला गोदामात आणि बेटांवरून फिरणाऱ्या जहाजावर कामाला लावलं.

इथून पुढचा भाग एखाद्या स्टार्टअपच्या गोष्टीसारखा वाटतो. फरक इतकाच, की इथे उद्योजक स्वतःच कुणाच्या तरी मालकीचा माल होता. त्याच्याकडे भांडवल होतं ३ पेन्स. सेंट युस्टेशियस बेटावर त्याने त्यात काचेचा एक पेला घेतला आणि माँटसेराटला येऊन ६ पेन्सला विकला. पुढच्या फेरीत दोन पेले. मग जिनची बाटली. असं करत करत फळं, भांडी, कोंबड्या, जे मिळेल ते. सांताक्रूझ बेटावर त्याची आणि एका सोबत्याची लिंबं-संत्री गोऱ्यांनी हिसकावली. किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार केली, तर त्याने चाबूक उगारला. उधारीवर माल घेऊन पैसे बुडवणाऱ्या गोऱ्या गिऱ्हाइकांविरुद्ध कोर्टात जायची सोय नव्हती, कारण काळ्या माणसाची गोऱ्याविरुद्धची साक्ष तिथे धरलीच जात नसे.

किंगने शब्द दिला होता, की मी मोजले तेवढे ४० पौंड आणून दे, मी तुला सोडतो. हे कधी जमणार नाही, अशीच त्याची अटकळ असावी. तीनेक वर्षांत पोरगा पैसे घेऊन दारात उभा राहिला तेव्हा किंग चरकला. इतक्या लवकर आणशील असं वाटलं असतं तर शब्द दिला नसता, असं तो बोलूनही गेला. शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टन फार्मरने त्याला समजावलं. या माणसाने तुम्हाला वर्षाला शंभर पौंडांहून जास्त कमावून दिलेत, आता शब्द पाळा. १७६६ च्या जुलैत मुक्तिपत्र तयार झालं. इक्वियानो तेव्हा एकविशीच्या आसपास होता.

पुढे आत्मचरित्रात त्याने ते मुक्तिपत्र अक्षरशः जसंच्या तसं छापलं. कारण त्या कागदाची भाषा वाचण्यासारखी आहे. एक माणूस दुसऱ्या माणसाला त्याचं स्वतःचं आयुष्य देतो, आणि तेही पैसे घेऊन.

मोकळा, पण किती?

कागद खिशात असूनही जॉर्जियातल्या सव्हाना शहरात दोन गोऱ्यांनी त्याला पळालेला गुलाम ठरवून पकडायचा प्रयत्न केला. मोकळ्या काळ्या माणसाला पळवून पुन्हा विकणं हा तिथे रोजचा धंदा होता. १७६७ मध्ये तो लंडनला परतला. केशभूषेचं काम शिकला, फ्रेंच हॉर्न वाजवायला शिकला, गणित पक्कं केलं. जुना मालक पास्कल ग्रीनिचच्या बागेत भेटला तेव्हा त्याच्याकडे लुटीच्या वाट्याचे पैसेही मागितले. मिळाले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पैसे संपले की पुन्हा समुद्र. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारे डॉक्टर चार्ल्स आयर्विंग यांच्या हाताखाली तो काम करत होता. त्यांच्याबरोबर १७७३ मध्ये तो थेट उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघालेल्या नौदलाच्या मोहिमेवर गेला. जहाजं बर्फात अडकली आणि कशीबशी सुटली. सोबतच्या दुसऱ्या जहाजावर एक कोवळा पोरगा होता, होरेशियो नेल्सन. ट्रॅफल्गारचा नेल्सन तो हाच.

आता या आयुष्यातलं सगळ्यात अडचणीचं पान. चरित्र सांगताना ते गाळायचा मोह होतो, पण इक्वियानोने स्वतः गाळलेलं नाही. १७७५ च्या अखेरीस याच डॉक्टर आयर्विंगनी मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावर मळा टाकायचं ठरवलं आणि इक्वियानोला मुकादम म्हणून नेलं. जमैकात ते दोघं गुलामांच्या जहाजावर गेले. कामासाठी माणसं निवडायची होती. निवड इक्वियानोने केली, आणि तीही आपल्या मुलखातल्या माणसांची. ज्या डेकवर एकदा तो थरथरत उभा होता, तशाच डेकवर आता तो गिऱ्हाईक म्हणून उभा होता.

आपण त्यांना चांगलं वागवलं, असं तो लिहितो. पण काही महिन्यांत तो काम सोडून निघाला. त्याच्या जागी आलेल्या गोऱ्या मुकादमाने त्या माणसांचे इतके हाल केले, की सगळे एका मोठ्या होडीतून पळाले. कुठे जायचं, होडी कशी हाकायची, काहीच ठाऊक नव्हतं. सगळे बुडाले.

तेव्हा जगाचा कारभारच गुलामीवर चालला होता. साखर, तंबाखू, जहाजं, बँका, विमा, सगळंच. चांगला मालक आणि वाईट मालक एवढाच फरक त्या काळी पुष्कळांना दिसायचा, आणि काही काळ त्यालाही तेवढाच दिसला. ही पद्धतच मोडली पाहिजे, इथपर्यंत तो हळूहळू आला. त्याला तिथे ढकलणाऱ्या घटनांपैकी एक होती झाँग जहाजाची.

विम्याचा दावा

१७८१ च्या अखेरीस लिव्हरपूलच्या मालकांचं झाँग नावाचं जहाज जमैकाकडे निघालं होतं. रस्ता चुकला, आजार पसरला. पिण्याचं पाणी कमी पडतंय असं कारण देऊन खलाशांनी १३० हून अधिक जिवंत माणसांना, थोडी थोडी करून, समुद्रात फेकलं. गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचं. पण जहाज वाचवण्यासाठी माल फेकावा लागला, तर भरपाई विमा कंपनी देणार. मालकांनी माणशी ३० पौंडांचा दावा लावला.

१७८३ मध्ये हा खटला लंडनच्या कोर्टात आला तेव्हा प्रश्न खुनाचा नव्हताच. माल फेकला त्याचे पैसे कोण देणार, एवढाच होता. पहिला निकाल मालकांच्या बाजूने लागला. मार्चमध्ये ही बातमी घेऊन इक्वियानो गुलामीविरोधात लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्प यांच्याकडे गेला. शार्पनी प्रकरण हातात घेतलं, जिकडे-तिकडे पत्रं पाठवली. वरच्या सुनावणीत न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांनी फेरसुनावणीचा आदेश दिला. खुनासाठी मात्र कुणालाच कधी शिक्षा झाली नाही. पण ब्रिटनमधल्या साध्या माणसांना आपल्या चहातली साखर कुठून येते, हे कळायला या खटल्याने सुरुवात झाली.

मग इक्वियानो थांबला नाही. लंडनमधल्या गरीब काळ्या लोकांना सिएरा लिओनला वसवायच्या सरकारी योजनेत त्याला सामानाची जबाबदारी मिळाली. पुरवठ्यात घोळ होतोय, असं त्याने वर कळवलं. परिणाम असा, की घोळ राहिला आणि नोकरी याची गेली. (हे वाचून कुणाला काही ओळखीचं वाटलं, तर नवल नाही!) ओटोबा कुगोआनो आणि इतर आफ्रिकन सोबत्यांबरोबर 'सन्स ऑफ आफ्रिका' या गटातून तो वर्तमानपत्रांना पत्रं लिहू लागला. १७८८ मध्ये त्याने राणी शार्लटलाही अर्ज केला.

स्वतःच्या पुस्तकाचा विक्रेता

१७८९ मध्ये संसदेत गुलाम-व्यापारावर चर्चा सुरू झाली. नेमक्या त्याच वेळी त्याचं आत्मचरित्र बाजारात आलं. मुखपृष्ठावर दोन्ही नावं, इक्वियानो आणि व्हासा, आणि हे त्याने स्वतः लिहिलंय ही ठळक नोंद. ती नोंद गरजेची होती. काळा माणूस असं लिहू शकतो, यावर पुष्कळांचा विश्वासच नव्हता.

पुस्तक काढायची त्याची पद्धत आजच्या क्राउडफंडिंगसारखी. आधी वर्गणीदार गोळा केले, त्यांच्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि त्यांची नावं पुस्तकात छापली. पहिल्याच आवृत्तीत तीनशेहून अधिक नावं होती, त्यात खुद्द युवराजही. हक्क त्याने प्रकाशकाला विकले नाहीत, स्वतःकडे ठेवले. माँटसेराटच्या गोदामात शिकलेला हिशेब इथे कामी आला. मग पुस्तकं घेऊन तो गावोगाव हिंडला. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड. एकट्या आयर्लंडमध्ये त्याने १,९०० प्रती खपवल्या. त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या, डच, जर्मन आणि रशियन भाषांतरं झाली. आपल्या मिळकतीवर जगणारा लेखक ही गोष्ट तेव्हा दुर्मीळ होती. कधी काळी गुलाम असलेल्या लेखकाबाबत तर विचारायलाच नको.

१७९१ मध्ये गुलाम-व्यापार बंदीचा ठराव संसदेत १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. त्यावर लोकांनी आपला मार्ग काढला. हजारो घरांत वेस्ट इंडीजची साखर बंद झाली. शहराशहरांत सह्यांचे अर्ज निघाले. या शहरांतून एक काळा माणूस पुस्तकं घेऊन फिरत होता आणि लोक त्याला प्रत्यक्ष बघत होते, प्रश्न विचारत होते. जहाजाच्या पोटात काय असतं, हे सांगायला इतरांना पुरावे गोळा करावे लागत. हा स्वतःच पुरावा होता.

म्हणूनच विरोधकांनी नेम धरला तो त्याच्या जन्मावर. १७९२ मध्ये लंडनच्या दोन वर्तमानपत्रांनी छापलं, की हा आफ्रिकेतला नाहीच, सांताक्रूझ बेटावर जन्मलाय. त्याने पुढच्या आवृत्तीत ओळखीच्या माणसांच्या साक्षी छापून उत्तर दिलं. हा वाद आजही मिटलेला नाही. व्हिन्सेंट कॅरेटा या अभ्यासकाला सापडलेल्या १७५९ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि १७७३ च्या जहाजाच्या हजेरीपटात त्याचा जन्म कॅरोलायनातला, म्हणजे अमेरिकेतला लिहिलाय. इतर अभ्यासक म्हणतात, की त्या नोंदी दुसऱ्यांनी केलेल्या आहेत आणि त्याची इग्बो मुलखाची ओळख खरी वाटते. कॅरेटांचं मत खरं धरलं, तर बालपण आणि जहाजातला प्रवास त्याने इतरांकडून ऐकून आपल्या नावावर मांडला असेल. तसं असलं, तरी जे घडत होतं ते खोटं ठरत नाही. त्या जहाजांतून आलेल्या लाखोंना लिहिता येत नव्हतं, किंवा लिहू दिलं जात नव्हतं.

खुणा कुठे सापडतात?

गुलाम-व्यापाराच्या जागा म्हटलं की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे किल्ले डोळ्यांसमोर येतात. इक्वियानोच्या खुणा मात्र अगदी साध्या ठिकाणी आहेत. माँटसेराटची राजधानी प्लिमथ १९९५ नंतरच्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली, तिथे आज कुणी राहत नाही. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीला खेटून ते सेंट मार्गारेट चर्च उभं आहे. पर्यटक ॲबीच्या रांगेत लागतात आणि इथून पुढे निघून जातात. रायडिंग हाउस स्ट्रीटवरच्या एका इमारतीला हिरवी गोल पाटी आहे. तो राहत होता आणि जिथून त्याने पुस्तक काढलं, ती जागा हीच.

आणि मग केंब्रिज. आपल्याकडची कितीतरी मुलं दर वर्षी तिथे शिकायला जातात. जवळच्या सोहम गावातल्या चर्चमध्ये ७ एप्रिल १७९२ रोजी इक्वियानोने सुझाना कलन या इंग्रज मुलीशी लग्न केलं. अ‍ॅना मारिया आणि जोआना या दोन मुली झाल्या. १७९६ मध्ये सुझाना गेली. ३१ मार्च १७९७ रोजी लंडनमध्ये इक्वियानो गेला. आणि त्याच जुलैत अ‍ॅना मारियाही गेली, चार वर्षांचीही पुरती झाली नव्हती. केंब्रिजच्या चेस्टरटन भागातल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर तिच्या नावाची पाटी आहे. दगडात कोरलेली छोटी कविता येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबायला सांगते, आणि ही आफ्रिकन बापाची लेक आहे, हेही सांगते. तिकीट नाही, गाइड नाही. बापाच्या कबरीवरचा दगड आज कुठेच दाखवता येत नाही. लेकीची पाटी तेवढी राहिली. तिथून जवळच केम नदीवरच्या एका पुलाला अलीकडे त्याचं नाव दिलंय.

शेवटचा हिशेब

ब्रिटिश संसदेने गुलाम-व्यापार बंद केला १८०७ मध्ये, तो गेल्यावर १० वर्षांनी. वसाहतींमधली गुलामी मोडणारा कायदा झाला १८३३ मध्ये. त्यात नुकसानभरपाई होती, २ कोटी पौंडांची. ती मिळाली मालकांना. राबलेल्यांना एक पैही नाही. ही रक्कम द्यायला सरकारने जे कर्ज काढलं, ते पूर्ण फिटलं २०१५ मध्ये. म्हणजे परवापरवापर्यंत ब्रिटनचे करदाते ते फेडत होते. त्यात तिथे नोकरी करणारे आपले लोकही आले, आणि गुलामांचे वंशजही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. सातासमुद्रापलीकडची बेडी आणि इथली बेडी यांचं नातं त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

इक्वियानोच्या माघारी त्याची धाकटी मुलगी जोआना तेवढी उरली. १८१६ मध्ये ती २१ वर्षांची झाली आणि वडिलांनी मागे ठेवलेले ९५० पौंड तिच्या हाती आले. एकदा १७२ कवड्यांना आणि एकदा ४० पौंडांना विकल्या गेलेल्या माणसाने ते व्यापारात आणि पुस्तकाच्या विक्रीत कमावले होते. तेव्हा ही रक्कम लहान नव्हती.

आज बुध ग्रहावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे. युरोपातून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने, नायजेरियात फाटा देत, दक्षिण आफ्रिकेपर्यंत समुद्राखालून गेलेल्या गूगलच्या इंटरनेट केबलचं नावही इक्वियानोच आहे. त्याचं पुस्तक तर नेटवर कुणालाही फुकट वाचता येतं. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, सुरुवातीला जड जाईल. सगळं वाचवत नसेल तर दुसरं प्रकरण तेवढं वाचा. बहीण, कवड्या आणि जहाज, तिन्ही त्यातच आहेत.